स्वस्त पितळ नेमकं कोणतं?

अमेरिकेत .308 विंचेस्टर ही रायफलची काडतुसं घरी रीलोड करताना, म्हणजे उडालेली पुन्हा भरताना, केसची (काडतुसाच्या पितळी नळीची) किंमत नगावर धरू नका, ती किती वेळा भरता येईल त्यावर धरा. लापुआ कंपनीची केस महाग, पण प्रायमरचा (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीचा) खळगा लवकर सैल होत नाही. लेक सिटी या अमेरिकी दारूगोळा कारखान्याच्या वापरलेल्या लष्करी केस स्वस्त पडतात. मात्र प्रायमरभोवतीचा क्रिम्प, म्हणजे त्याला पकडून ठेवणारी दाबलेली कड, आधी काढावा लागतो. शिवाय त्यांची भिंत जाड, आतली जागा कमी. तेवढीच पावडर जास्त दाब देते, म्हणून चार्ज, म्हणजे पावडरचं माप, कमी करूनच सुरुवात करा. मशीनगनमधून उडालेला माल मी तरी घेणार नाही, तो ताणलेला असतो. वाकवलेली पेपरक्लिप आत घालून बुडाच्या जरा वर फिरवा. टोक खाचेत अडकलं, तर तिथे पितळ पातळ झालंय. ती केस सरळ भंगारात.