मुलांना निसर्गावर कविता लिहायला शिकवताना

मुलांना कविता लिहायला शिकवायची ठरवलं तेव्हा मला वाटलं झाडाखाली बसवू, 'निसर्ग' विषय देऊ, अर्ध्या तासात होईल. आठ ते अकरा वयाची १२ मुलं होती. जवळजवळ सगळ्यांच्या कवितेत पक्षी किलबिलत होते आणि झरे खळखळत होते, तिथे झरा नसतानाही. मुलांचं काही चुकलं नव्हतं, वाचलेलं तेच त्यांनी मला परत दिलं, कारण बघायला मी वेळच दिला नव्हता.

पुढच्या वेळी वह्या काढूच दिल्या नाहीत. आधी आवाजांचा नकाशा केला. कोऱ्या कागदाच्या मधोमध फुली म्हणजे आपण, मग १० मिनिटं कुणी बोलायचं नाही आणि जो आवाज येईल त्याची खूण तो आला त्या बाजूला करायची, जवळचा जवळ, लांबचा लांब. सुरुवातीला नुसती चुळबुळ आणि खुसखुस चालली होती, मी गप्प राहिले, मग हळूहळू शांत झाली सगळी. एकाने अगदी कडेला टिंब काढलं होतं, विचारलं तर म्हणाला वाळलेलं पान पडलं तिकडे. मला ते ऐकूच आलं नव्हतं!

मग प्रत्येकाने तळहातात मावेल एवढी एकच गोष्ट निवडायची आणि तिच्यापाशी बसायचं. ती काय करते, हाताला कशी लागते, वास कसला, कशासारखी दिसते. 'सुंदर', 'छान', 'मस्त' या शब्दांना बंदी. या बंदीचा फार उपयोग झाला, कारण छान म्हणता येत नाही म्हटल्यावर नेमकं काय दिसलं ते सांगावंच लागतं.

एक मुलगी मुंग्यांची रांग बघत होती, तिने रांगेवर आडवं बोट फिरवलं आणि मुंग्या गोंधळून इकडेतिकडे फिरायला लागल्या. मी तिला सांगितलं की त्या जमिनीवर वास सोडत जातात आणि मागच्या त्या वासावरून चालतात. थोड्या वेळाने तिने लिहिलं,

मी बोट फिरवलं
आणि त्यांचा रस्ता पुसला गेला
आता त्या एकमेकींना विचारतायत
घर कुठंय

इथे मी चूक केली. मी यमक जुळवून ओळी 'नीट' करून दिल्या. तिने कागद घडी करून खिशात ठेवला आणि त्या दिवशी पुढे एक अक्षर लिहिलं नाही. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

तेव्हापासून यमकाचं नावच काढत नाही, 'पान' आलं की पुढे 'छान' शोधत बसतात मुलं आणि बघितलेलं हरवतं. ज्यांचा हात डोक्यापेक्षा हळू चालतो ती बोलतात आणि मी जसंच्या तसं लिहून घेते. मोठ्या मुलांना हायकू, म्हणजे तीन ओळींची जपानी कविता, दिला, पण ओळींची ५-७-५ अक्षरं बोटांवर मोजताना कवितेचं गणित व्हायला लागलं, म्हणून आता तीन छोट्या ओळी आणि त्यात ऋतू कळला पाहिजे, एवढंच.

ती मुलगी नंतर लाजाळूच्या रोपापाशी बसली. पानं मिटतात चटकन, पण उघडायला काही मिनिटं लागतात, ती हलली नाही तेवढा वेळ. चार ओळी लिहून तीन खोडल्या, मी शेजारी गप्प बसून होते. उरली ती ओळ अशी,

मी हात लावला म्हणून रुसली, मी थांबले म्हणून बोलली