एकाला लस, एकाला नाही

मांजराची दोन पिल्लं, सख्खी भावंडं, एकच घर, बडोद्याच्या गोत्रीतला सातवा मजला. चिंगीला लस दिली, बंड्याला नाही. नाही दिली तीही विसरून नव्हे, नीट विचार करून. चिंगी पुढे, ही पिल्लं पाळणाऱ्या काकांच्या मुलीकडे, पुण्याला जायची होती, म्हणजे प्रवास आला, बाहेरचं जग आलं. बंड्या कायम त्या फ्लॅटमध्येच राहणार होता. बाल्कनीला जाळी, घरात दुसरं जनावर नाही. ‘जो दाराबाहेर पडणारच नाही त्याला कसली लस?’ असं काकांचं म्हणणं. काका बँकेतून निवृत्त झालेले, वहीत तारखा घालून सगळं लिहून ठेवणारे. आळशी किंवा बेफिकीर माणसाचा हा निर्णय नव्हता, म्हणूनच तो माझ्या डोक्यातून जात नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काकू बंड्याला टॉवेलात गुंडाळून रावपुऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात घेऊन आल्या. दहा आठवड्यांचं पिल्लू, वजन ७८० ग्रॅम. “काल रात्रीपासून ओकतोय. पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसतो, पण पीत नाही.” हे एवढं ऐकलं की लस न घेतलेल्या पिल्लाबद्दल मला पुढचं निम्मं कळतं. ताप १०४.६. पोट चाचपलं की कळवळत होता, आणि बोटांखाली आतडी जाड, पाण्याने भरलेली लागत होती.

मला संशय आला पॅनल्यूकोपेनियाचा, म्हणजे आतडी आणि पांढऱ्या पेशी उद्ध्वस्त करणाऱ्या मांजरांच्या विषाणूचा. त्याचं वेगळं तपासणी किट लहान दवाखान्यांत सहसा नसतं. आम्ही कुत्र्यांच्या पार्वोचंच किट वापरतो, कारण हे दोन विषाणू एकमेकांचे इतके जवळचे भाऊबंद आहेत की पट्टी दोघांनाही ओळखते. दुसरी रेघ उमटायला फार वेळ लागला नाही. मग रक्ताचा थेंब काचेवर ओढला, रंगवला आणि मायक्रोस्कोपखाली घेतला. निरोगी पिल्लाच्या काचेवर पांढऱ्या पेशी शोधाव्या लागत नाहीत, त्या दिसतातच. इथे मी काच सरकवत राहिले, लाल पेशी संपेनात आणि पांढरी काही सापडेना. मोजणी आली ८००. एवढ्या पिल्लात ती काही हजारांत हवी. हा विषाणू भराभर वाढणाऱ्या पेशींवरच तुटून पडतो: आतड्याचं अस्तर आणि हाडातला मगज. आतड्याची भिंत उघडी पडते आणि जंतूंशी लढणारं सैन्य त्याच वेळी संपलेलं असतं. त्यावर थेट औषध नाही. आम्ही पिल्लाला फक्त तगवून धरतो, त्याचं शरीर सावरेपर्यंत.

त्या वजनाच्या, आटलेल्या पिल्लाची शीर दिसत नाही. केस कापून, पाय कोमट पाण्याने शेकून, बोटाच्या टोकाला ती हलकीच सरकते तेवढाच तिचा पत्ता. पिवळं २४ नंबरचं कॅन्युला पहिल्या टोचणीत बसलं याचं मला त्या क्षणी फार बरं वाटलं. रिंगर लॅक्टेट, त्यात ग्लुकोज आणि पोटॅशियम, उलटी थांबवायचं इंजेक्शन, अँटिबायोटिक, खाली गरम पाण्याच्या बाटल्या. तो वेगळ्या खोलीत, दाराशी हायपोक्लोराइटचं, म्हणजे ब्लीचचं पायपुसणं, आत जाणारा माणूस एकच. संध्याकाळी त्याने डोळे उघडून पंजा चाटला. मध्यरात्रीनंतर ताप १०४ वरून ९७ वर आला. लोकांना ताप उतरला की हायसं वाटतं. या आजारात तो असा खाली कोसळला की पिल्लू हातचं गेलं असं समजावं. पहाटे बंड्या गेला.

आता मुद्दा असा, की दाराबाहेर न पडलेल्या पिल्लाला हे आलं कुठून? हा विषाणू खोलीच्या तापमानात वर्षभरसुद्धा टिकतो. चपलेच्या तळव्याला, पायजम्याच्या कडेला, दूधवाल्याच्या पिशवीला चिकटून तो सातव्या मजल्यावर लिफ्टने जाऊ शकतो. स्पिरिट आणि सॅनिटायझर त्याचं काही वाकडं करत नाहीत. मी काकांना नेहमीचे प्रश्न विचारले: घरात चपला कुठपर्यंत येतात, रस्त्यावरच्या मांजरांना कोणी खाऊ घालतं का, कोणाकडून वापरलेल्या वस्तू आणल्या का. त्यांनी वही उघडली. २४ नोव्हेंबर, चिंगीची लस. तिला न्यायला खालच्या मजल्यावरून पिंजरा मागून आणला होता. त्या घरचं पिल्लू पावसाळ्यात ‘ओकून ओकून’ गेलं होतं. पिंजरा परत करायचा राहिला आणि बंड्या रात्री त्यातच झोपायला लागला, कारण आत जुनी मऊ गोधडी होती. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते दहा दिवस जातात. तारखा जुळतात. पुरावा म्हणाल तर माझ्याकडे नाही, पण माझा संशय त्या गोधडीवरून हलत नाही.

चिंगी त्याच पिंजऱ्यातून गेली, त्याच पिंजऱ्यातून आली. बंड्या आजारी पडला त्या दिवशी ती थोडी मलूल होती, ताप १०३.२, एक वेळ जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पडद्यावर चढत होती. लसीने वाचली का? या लसीतला कमजोर केलेला जिवंत विषाणू काही दिवसांतच संरक्षण उभं करू शकतो, म्हणूनच निवाऱ्यात आलेल्या मांजरांना दाराशीच टोचा असं सांगतात. पण नऊ आठवड्यांच्या पिल्लात आईच्या चिकातून आलेली प्रतिद्रव्यं असू शकतात, आणि ती लसीलाच निष्प्रभ करतात. कदाचित तीच प्रतिद्रव्यं चिंगीला तारून गेली असतील. एकाच वेतातली पिल्लं चीक सारखा पीत नाहीत. कदाचित ती पिंजऱ्यात अर्धा तासच होती आणि तो रात्र रात्र. आता रक्त तपासून संरक्षण आहे एवढं कळेल, ते लसीने आलं की आजाराने हे कळणार नाही. चिंगी जिवंत आहे म्हणून लसीची जाहिरात करणं मला पटत नाही. बंड्याला ती मिळायला हवी होती, याबद्दल मात्र मला तिळमात्र शंका नाही.

काका चिंगीला दाखवायला आले तेव्हा त्यांनी दुसऱ्या एका दवाखान्याने दिलेला कागद टेबलावर ठेवला. तीन-इन-वन लस, रेबीज, गजकर्णाची लस, इम्युनिटीचं सिरप, मल्टिव्हिटॅमिन, केसांसाठी तेल, आणखीही काही. सगळं एकाच आकाराच्या अक्षरांत, एकाखाली एक, शेवटी दोन पिल्लांची बेरीज. “मला वाटलं, यातलं निम्मं विकायला ठेवलंय. मग कुठलं निम्मं ते मी ठरवलं,” काका म्हणाले. मला त्यांचा राग आला नाही, त्या कागदाचा आला. ज्या लसीने जीव वाचतो ती आणि केसांचं तेल एका रांगेत बसवलं, तर हिशेबी माणूस सगळ्यालाच कात्री लावणार. हे आमच्याच व्यवसायातले लोक करतात आणि मग ‘लोक लसी घेत नाहीत’ म्हणून गळे काढतात.

“डॉक्टर, घरातल्या मांजराला खरंच लागतं तेवढंच सांगा.” हा प्रश्न मला आवडतो आणि त्याचं उत्तर लहान आहे. तीन-इन-वन, म्हणजे पॅनल्यूकोपेनिया आणि सर्दीचे दोन विषाणू, हर्पिस आणि कॅलिसी. सहा ते आठ आठवड्यांना सुरुवात, दर दोन ते चार आठवड्यांनी पुढचा डोस, आणि शेवटचा सोळा आठवड्यांच्या आत कधीही नाही. ही शेवटची अट सगळ्यात जास्त मोडली जाते. दोन डोस झाले, कार्डावर शिक्का बसला, संपलं. मग आईच्या प्रतिद्रव्यांनी दोन्ही डोस वाया घालवले असले तरी कोणाला पत्ता नसतो. वसावा (WSAVA) या पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सहा महिन्यांच्या सुमारास आणखी एक डोस सांगितलाय, नेमका निसटलेल्या पिल्लांसाठी. त्यानंतर घरातच राहणाऱ्या मांजराला हीच लस तीन वर्षांनी एकदा पुरते. हे मी सांगते तेव्हा माझं उत्पन्न कमी होतं हे मला कळतं.

रेबीजवर काका अडले. “सातव्या मजल्यावर कुत्रं येतंय का?” कुत्रं येत नाही, मांजर जातं. बडोद्यात उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचे दोन दिवस अख्खी सोसायटी गच्चीवर असते, घरांची दारं उघडी, आणि दरवर्षी घाबरून पळालेल्या, जिन्यात किंवा पार्किंगमध्ये सापडलेल्या मांजरांचे फोन मला येतात. लस नसलेलं मांजर रात्रभर बाहेर राहून आलं आणि उचलणाऱ्याला चावलं, तर त्या माणसाला इंजेक्शनांचा कोर्स लागतो आणि घरच्यांची झोप जाते. हा आजार एकदा दिसायला लागला की माणूस काय, जनावर काय, जवळपास कोणीच वाचत नाही. म्हणून बारा आठवड्यांनंतर एक, पुढे वर्षाने, आणि मग लसीच्या लेबलप्रमाणे. इथे मी घासाघीस करत नाही.

ल्युकेमियाची लस मी चिंगीसाठी सोडली. अमेरिकेत ती वर्षाखालच्या सगळ्या पिल्लांना द्यावी म्हणतात. पण तो विषाणू मुख्यतः थुंकीतून, एकत्र राहणाऱ्या आणि भांडणाऱ्या मांजरांत पसरतो, आणि चिंगीला सोबतच नाही. दांडिया बाजारातल्या वाड्यातलं, कौलांवरून चार घरं फिरून येणारं ‘घरातलं’ मांजर असतं तर मी आधी रक्त तपासून वेगळा विचार केला असता. गजकर्णाच्या लसीवर काट मारली. सिरप आणि तेलावरही.

कुठे टोचायचं हेही मी कार्डावर लिहिते: रेबीज उजव्या मागच्या पायात, गुडघ्याच्या खाली, तीन-इन-वन डाव्या. दोन खांद्यांच्या मधली सैल कातडी सोयीची असते, पण लस टोचलेल्या जागी क्वचित, दहा हजारांत एखाद्या मांजराला, गाठीचा कर्करोग होतो, आणि पायावरची गाठ पाय काढून तरी सोडवता येते. गरज नसलेली टोचणी टाळायचं हेही एक कारण आहे. लस केमिस्टकडून प्लॅस्टिकच्या पिशवीत आणून ‘तुम्ही फक्त टोचा’ म्हणणाऱ्यांना मी परत पाठवते. माझ्या फ्रिजच्या मधल्या फळीवर थर्मामीटर आहे, दोन ते आठ अंशांची नोंद सकाळ-संध्याकाळ होते. मेच्या उन्हात स्कूटरच्या डिकीतून आलेल्या बाटलीत काय जिवंत उरलं असेल ते मला सांगता येत नाही.

काकांना चिंगीसाठी सोबत हवी आहे, शक्यतो लगेच. नवं पिल्लू आत्ता त्या घरात नको म्हणून मी स्पष्ट सांगितलं. फरशी, वाट्या, मातीचा ट्रे एक भाग ब्लीच आणि बत्तीस भाग पाण्याने दहा मिनिटं ओलं ठेवून धुता येतो, सोफा येत नाही. आणायचंच तर लसी पूर्ण झालेलं मोठं मांजर आणा. ते शोधतायत. गोधडी जाळली. पिंजरा ब्लीचने धुऊन परत केला, आणि खालच्या घरी काकूंनी स्वतः जाऊन सांगितलं की पुढचं पिल्लू आणण्याआधी आधी दवाखान्यात या.

चिंगीचा दुसरा डोस आणि रेबीज २२ डिसेंबरला झाले. सोळा आठवडे नेमके उत्तरायणाच्या तोंडावर भरतात, आणि त्या दिवसांत दवाखाना मांज्याने कापलेल्या पक्ष्यांनी भरलेला असतो. म्हणून वहीत २० जानेवारी लिहून दिली, आणि तिच्याखाली काकांनी स्वतःच लिहिलं: १४ आणि १५, चिंगी आतल्या खोलीत, किल्ली माझ्याकडे.