पद्मिनी हुकली
आज पद्मिनी हातातून गेली. सांगलीला एका काकांकडे 1984 ची प्रीमियर पद्मिनी होती, पांढरी, पहिल्याच मालकाची, सहा महिने मी मागे लागलो होतो आणि परवा फोनवर शेवटी हो म्हणाले, म्हणून सकाळची पहिली एसटी धरून गेलो तर दारात गाडीच नाही, काल रात्रीच कोल्हापूरहून कुणीतरी रोख पैसे घेऊन आला आणि चालवत घेऊन गेला. काकांनाही वाईट वाटत होतं, चहा पाजला. अंगणातल्या फरशीवर ऑइलचा डाग अजून ओलाच होता, तिथंच उभा राहिलो बराच वेळ.

बाबांनी गाडी शिकवली ती पद्मिनीवरच, स्टिअरिंगजवळचा तो गिअरचा दांडा, थंडीत चोक ओढून स्टार्ट करायचं, सगळं हातात बसलंय अजून. कुर्ल्याच्या कारखान्यातनं निघायची ही गाडी. मुंबईतली काळी-पिवळी पद्मिनीसुद्धा 30 ऑक्टोबर 2023 ला बंद झाली, आता चांगल्या कंडिशनची मिळणं लई अवघड.

टोकन त्याच दिवशी पाठवायला पाहिजे होतं राव. कुणाच्या ओळखीत असेल, कागदपत्रं क्लिअर असलेली, तर प्लीज मेसेज करा, इंजिन बंद असलं तरी चालेल.