शाफ्टला बांगडी : घरच्या गाडीची नोंद, भाग १४

मागच्या नोंदीत शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा फिरता पाइप) छोटा करून, बॅलन्स करून आला होता आणि मी तो गाडीत चढवून खुशीत फोटो काढत बसलो होतो. त्याच फोटोत एक गोष्ट दिसत होती, ती माझ्या डोक्यात दोन दिवसांनी शिरली. फिरता शाफ्ट आणि माझी डावी मांडी यांच्यामध्ये १.६ मिमीचा ॲल्युमिनियमचा पत्रा आहे. बस, एवढंच.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. मी स्वतः बांधतोय ती गाडी लोटस सेव्हनच्या घाटाची (दोन सीटची उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, मूळ सेव्हन १९५७ची), चासी एक इंची चौकोनी पाइपची, आणि इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल असं सगळं एका ठोकलेल्या मारुती ईकोचं. ११९६ सीसी, ७३ बीएचपी. गाडीला नंबर मिळणार नाही हे गृहीत धरलंय, ती ट्रेलरवर चढून खासगी जागेवरच पळणार. ईकोत शाफ्ट फ्लोअरच्या खालून जातो. सेव्हनमध्ये आपण जमिनीला टेकून बसतो, त्यामुळे तो दोन सीटच्या मधून, कमरेच्या उंचीवरून जातो.

आता हिशेब बघा. चौथा गिअर एकास एक. इंजिन ४००० फेऱ्यांवर असेल तर शाफ्टही ४०००, म्हणजे सेकंदाला ६७ वेळा फिरणार. पाचव्यात तर इंजिनापेक्षा जोरात. अशा वेळी पुढचा क्रॉस (शाफ्टच्या टोकाच्या जॉइंटमधला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा) तुटला, तर गिअरबॉक्सकडचं टोक मोकळं होतं, पण मागचं टोक अ‍ॅक्सलला धरलेलंच असतं आणि चाकं त्याला फिरवत राहतात. मग ते मोकळं टोक पत्रा, ब्रेकचा पाइप, पेट्रोलचा पाइप, जे सापडेल ते झोडपत सुटतं. खाली पडून रस्त्यात रुतलं तर गाडी त्याच्यावर बांबूउडीसारखी उचलली जाऊ शकते. मागचा क्रॉस तुटला तर शाफ्ट निदान फरफटत मागे येतो. म्हणून आधी पुढच्या टोकाची सोय.

ही सोय म्हणजे सेफ्टी लूप. शाफ्टभोवती जाड पोलादी कडं, चासीला पक्कं बांधलेलं, शाफ्टला एरवी कुठेही न लागणारं. अमेरिकेतल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या नियमांत त्याचं माप स्पष्ट आहे: पुढच्या जॉइंटपासून ६ इंचांच्या आत, पूर्ण ३६० अंश वेढा, पट्टी असेल तर किमान पाव इंच जाड आणि २ इंच रुंद. मला कुठलाही अमेरिकन तपासायला येणार नाही, पण आकडे अनुभवातून आलेले आहेत, मग आपण कशाला शहाणपणा करा?

लेथवाल्या काकांना कागदावर काढून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे शाफ्टला बांगडी भरायची म्हणा की!" तेव्हापासून गाळ्यात सगळे बांगडीच म्हणतात, मीही. मग त्यांचा दुसरा प्रश्न, "साहेब, क्रॉस तर नवा टाकलाय. मग बांगडी कशाला?" मी विचारलं, काका, तुम्ही पद्मिनी टॅक्सीचे किती क्रॉस बदललेत? काका हसले. "टक टक वाजायला लागली तरी पोरं महिनाभर चालवायची." बरोबर. क्रॉस जुना झाला की गिअर टाकताना, क्लच सोडताना टक् असा आवाज देतो. पण माझ्या गाडीत सायलेन्सर कानाशी आहे, ती टक् मला ऐकू येणार नाही.

पट्टी आणायला मुंबईत रे रोडला उतरून दारूखान्यात, म्हणजे तिथल्या लोखंडबाजारात गेलो. तिथे अजूनही सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा पाव इंच म्हणजे दोन सूत. "दोन सूत, दोन इंच पट्टी" मागितली, मिळाली, आणि व्हर्नियर लावला तर ५.७ मिमी. पाव इंच म्हणजे ६.३५. दुकानदार म्हणाला, दोन सूत म्हणजे हेच, आजकाल सगळीकडे हेच येतं. वाद घालण्यात अर्थ नव्हता, ६ मिमीची पट्टी म्हणून जे येतं तेच तो दोन सूत म्हणून विकतो. मी ५० बाय ८ मिमी घेतली, एक मीटर, ३ किलोच्या आसपास. रुंदीला नियमापेक्षा ०.८ मिमी कमी पडते हे मान्य, पण आडव्या छेदाचं क्षेत्रफळ ३२३च्या जागी ४०० चौरस मिमी आहे. परत येताना हार्बर लोकलने कुर्ला, तिथून स्लो लोकल पकडून भांडुप. मीटरभर पट्टी पिशवीत घालून उभा होतो, लोक आपोआप जागा देत होते.

आतला व्यास ठरवायचं गणित सोपं आहे पण करायलाच हवं. माझा शाफ्ट जॉइंट ते जॉइंट ६२० मिमी, पाइप ६३ मिमीचा. बांगडी पुढच्या जॉइंटपासून ११० मिमीवर. मागचा अ‍ॅक्सल मधल्या स्थितीपासून वर ७५ आणि खाली ७५ मिमी हलतो. शाफ्ट पुढच्या जॉइंटभोवती झुलतो, म्हणून बांगडीपाशी हालचाल ७५ गुणिले ११० भागिले ६२०, म्हणजे साधारण १३ मिमी. बांगडी मागे नेली तर ही हालचाल वाढते, म्हणजे पुढच्या जॉइंटजवळ ठेवण्याचा हाही एक फायदा. चारी बाजूंनी २५ मिमी मोकळं हवं असं धरलं तर आतला व्यास ११३. आणि चार इंची पाइपचा बाहेरचा व्यास असतो ११४.३. असं जुळलं की आपल्याला उगाच वाटतं, कुणीतरी आपल्या बाजूने आहे.

पाइपच्या तुकड्यावर पट्टी लाल करून वाकवायची, दोन अर्धगोल, प्रत्येकाला दोन्हीकडे कान. एकसंध कडं करून वेल्ड मारायचा मोह झाला होता, पण मग क्रॉस बदलताना दर वेळी ग्राइंडर काढा. आईच्या हातातल्या स्क्रूवाल्या पाटल्या आठवल्या. दोन तुकडे, काढता-घालता येणारे.

इथे मी जो गाढवपणा केला तो लिहून ठेवतो. गाळ्यात पडलेला पाइपचा तुकडा जीआयचा होता, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला. मी त्यावर पट्टी ठेवली आणि गॅस मारला. पांढरा धूर आला, मी "जुना रंग जळतोय" म्हणत काम चालू ठेवलं. रात्री जेवताना तोंडात धातूची चव, नंतर थंडी वाजून ताप, अंग मोडून आलेलं. घरच्यांना मलेरिया वाटला. जस्ताचा धूर छातीत गेला की काही तासांनी नेमकं हेच होतं. दुसऱ्या संध्याकाळी उतरलं. पुढच्या रविवारी मुलामा नसलेला काळा पाइप आणला, शटर पूर्ण उघडं आणि पंखा मागून. मुलामा असलेलं काहीही तापवू नका.

चासीला बसवताना बोल्ट सरळ पाइपमधून आवळायचा नाही, १.६ मिमीची चौकोनी नळी चेपते आणि बोल्ट कायमचा ढिला. दोन्ही उभ्या पाइपांना आरपार भोक पाडून १२ मिमीचा बुश (जाड नळीचा तुकडा) घातला, दोन्ही तोंडांना वेल्ड, त्यातून ८ मिमीचे ८.८ ग्रेडचे बोल्ट, नायलॉक नट. वेल्डिंगआधी बॅटरी काढून ठेवली आणि ब्रेक पाइपवर ओलं गोणपाट टाकलं. ब्रॅकेट एल आकाराचे, त्यावर बांगडीचे कान १० मिमीच्या बोल्टने. सगळं मिळून सव्वादोन किलो.

मग शाडू. गणपतीतला उरलेला गोळा भिजवून बांगडीच्या आत वर, खाली, दोन्ही बाजूंना जाड थापला, जॅकने मागचा अ‍ॅक्सल वर, त्याला अडवणाऱ्या रबरापर्यंत नेला आणि शाफ्ट हाताने फिरवला. वरचा शाडू पापडासारखा चपटा! शाफ्टवर राखाडी पट्टा. म्हणजे चक्क लागत होता. १२ मिमी फट उरायला हवी होती.

अर्धा तास गणित पुन्हा पुन्हा केलं, बरोबर होतं. चूक गणितात नव्हतीच. मी बांगडीचा मध्य काढला तेव्हा गाडी स्टँडवर होती आणि अ‍ॅक्सल लोंबकळत होता. म्हणजे शाफ्ट सर्वांत खालच्या स्थितीत असताना मी त्याला "मध्य" समजलो. गाडी चाकांवर आली की बांगडीपाशी शाफ्ट १३ मिमी वर, पूर्ण दाबली की २६. फट होती २५. शाडू नसता तर पहिल्याच खड्ड्यात कळलं असतं.

चासीची भोकं पुन्हा पाडायला मन धजेना, म्हणून ब्रॅकेट नव्याने बनवले, कानांची बैठक १३ मिमी उंच. या वेळी गाडी चाकांवर, दोन्ही सीटवर सिमेंटच्या गोणी, मग मध्य. शाडू पुन्हा थापला. वर १२, खाली १२. मग पहार घालून गिअरबॉक्सचं शेपूट हलवलं, कारण माउंटिंगचं रबर जोरात दबतं. आणखी ४ गेले. ८ मिमी शिल्लक. मला पुरे.

काल चाकं अधांतरी ठेवून, अ‍ॅक्सल स्टँडवर घेऊन, चौथ्यात ३००० पर्यंत नेलं. कुठे खरखर नाही. काकांनी शटरबाहेरून पाहिलं, आत यायला तयार नव्हते, ते शहाणे आहेत. नंतर आत येऊन बोटाने टिचकी मारली आणि म्हणाले, "ही बांगडी कसली, हे तर पैलवानाचं कडं."

रेडऑक्साइडचा एक हात झालाय, काळा रंग पावसाची दमट हवा सरली की मारीन. पत्र्याला ग्रीस निपलसमोर एक झाकणाचं भोक पाडायचंय, नाहीतर क्रॉसला ग्रीस द्यायला शाफ्टवरचा पत्र्याचा पूर्ण बोगदा उघडावा लागेल. आणि हँडब्रेकची केबल आता बांगडीच्या डाव्या कानाला घासतेय. ती कुठून फिरवावी, कुणी सेव्हनच्या बोगद्यात केली असेल तर सांगा.