पायाच्या धमन्यांचा आजार आणि नैराश्य: उपचारांतून जाताना

पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या माणसाचं नैराश्य उशिरा लक्षात येतं, कारण प्रत्येक तक्रारीचं खापर फोडायला पाय हजर असतो. झोप नाही? पाय दुखतो. बाहेर पडावंसं वाटत नाही? थोडं चाललं की पोटरी भरून येते. माझ्या बाबतीत कुठली तक्रार पायाची आणि कुठली मनाची हे वेगळं करण्यातच अर्धं काम होतं.

सुरुवात पीएचक्यू-९ या नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावलीने होते. मागच्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त गुण आले की नीट तपासणी हवी. २० किंवा त्यापुढे नैराश्य तीव्र समजतात. अडचण अशी की झोप, थकवा आणि भूक यांचे गुण नुसत्या वेदनेनेही चढतात. म्हणून कशातच रस न वाटणं आणि उदास वाटणं, या पहिल्या दोन प्रश्नांकडे आधी बघावं. झोपेसाठी मी साधी नोंद ठेवली. पाय ठणकून जाग आली आणि पलंगाखाली सोडल्यावर उतार पडला, तर ती रक्तपुरवठ्याची तक्रार. हा त्रास नव्याने सुरू झाला किंवा बोटावर जखम दिसली, तर रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे लगेच जायचं. पाय शांत असूनही पहाटे जाग येते आणि नको ते विचार घेरतात, तर ती मनाची. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याशिवाय काही आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावं.

सोबत हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी१२ तपासून घ्यावं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी१२ कमी झालेलं असू शकतं.

खरी गुंतागुंत गोळ्यांची. मनोविकारतज्ज्ञांपुढे मी चालू औषधांची यादी मात्रेसकट ठेवली. सर्ट्रालीनसारख्या एसएसआरआय गटातल्या नैराश्यावरच्या गोळ्या प्लेटलेटमधलं (रक्त गोठवणाऱ्या कणांमधलं) सेरोटोनिन हे रसायन कमी करतात. त्यामुळे अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल या गुठळी रोखणाऱ्या गोळ्यांसोबत त्या घेतल्या की रक्तस्रावाचा धोका वाढतो, विशेषतः पोटातून. डांबरासारखी काळी शी झाली तर वाट बघू नये, आणि आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नये. पोट सांभाळायला दिलेली गोळीही बघून घ्यावी लागते. आम्लपित्तावरचं ओमेप्राझोल, तसंच फ्लुओक्सेटीन आणि फ्लुवोक्सामीन या एसएसआरआय गोळ्या, क्लोपिडोग्रेलला कामाला लावणाऱ्या एन्झाइमला अडवतात. आम्लपित्तावरच्याच पँटोप्राझोलचा तसा त्रास बराच कमी. पोटरी न दुखता जास्त चालता यावं म्हणून देतात त्या सिलोस्टाझोलचं उलट आहे. तेच एन्झाइम अडलं की सिलोस्टाझोल रक्तात साठतं, म्हणून दिवसातून दोनदा १०० मिग्रॅऐवजी ५० मिग्रॅ देतात.

सर्ट्रालीन सहसा २५ किंवा ५० मिग्रॅपासून सुरू करतात. मळमळ आणि पातळ शौच पहिल्याच आठवड्यात, मनाला उतार मात्र २ ते ६ आठवड्यांनी. औषध सुटतं ते बहुधा याच मधल्या काळात. वय जास्त असेल आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर सोडियम उतरू शकतं. माणूस गोंधळल्यासारखा वागू लागला किंवा तोल जाऊ लागला, की रक्त तपासावं.

चालणं दोन्हींवर औषध आहे: आठवड्यातून ३ वेळा, विश्रांती धरून ३० ते ६० मिनिटं, किमान १२ आठवडे. दुखणं मध्यम ते जोराचं होईपर्यंत चालायचं, ते पूर्ण ओसरेपर्यंत थांबायचं, पुन्हा चालायचं. उदास मन पहिल्याच कळेला ‘इजा झाली’ म्हणून परत फिरवतं. चालताना येणाऱ्या त्या कळेने स्नायूला इजा होत नाही, हे फिजिओथेरपिस्टकडून दोनदा ऐकून घ्यावं. वेळ घड्याळाने ठरवावी. मूडवर सोडली की गेलीच. पायावर जखम असेल किंवा बसल्याजागी दुखत असेल, तर मात्र आधी सर्जनची परवानगी.

सिगारेट नुकतीच सोडली असेल तर पहिले २ ते ४ आठवडे चिडचिड आणि उदासी वाढते. तेवढ्यावरून गोळी कुचकामी ठरवू नये.

पीएचक्यू-९ चे गुण ५ च्या खाली आले तरी गोळी त्याच मात्रेत निदान ६ महिने चालते, मग हळूहळू कमी करतात. मध्येच पायाची बायपास किंवा अँजिओप्लास्टी ठरली तर गोळी आपणहून थांबवू नये, भूलतज्ज्ञांना सांगावी. ऑपरेशननंतरच्या वेदनेवर ट्रॅमाडोल सर्रास देतात, आणि एसएसआरआयसोबत ते घेतल्यास सेरोटोनिन जास्त होऊन घाम, थरथर, ताप येऊ शकतो.