नऊ माणसं कशाला नेलीत?

वाळवंटातली मॅरेथॉन धावून आले त्याला आता वर्ष होईल. पण गुहागरात मला धावण्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही. विचारतात ते हे: "बाई, पळायचं तुम्हाला एकटीला, मग पार जैसलमेरपर्यंत नऊ माणसं कशाला नेलीत? नुसतं ओरडायला?" बाजारात विचारतात, शाळेच्या फाटकाशी विचारतात, परवा तर व्याडेश्वराला प्रदक्षिणा घालताना विचारलं. तिथे काय सांगणार! तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगते.

नऊ म्हणजे आमचे हे, मुलगा, सासूबाई, अण्णा म्हणजे सासरे, नणंद, धाकटे भाऊजी, माझा भाऊ आणि शाळेतल्या दोघी मैत्रिणी. मी फक्त आमच्या ह्यांना नेणार होते. बाकीचे वाढत गेले, लग्नाच्या बसमध्ये वाढतात तसे.

किनाऱ्यावरच्या सरावात मात्र या सगळ्यांपैकी अण्णाच काय ते कामाचे. समुद्राचा हिशेब त्यांनी शिकवला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, त्याचं हे तोंडी गणित. म्हणजे पुनवेच्या आसपास पहाटे सहाला ओहोटी, आणि ओली वाळू इतकी कडक की सायकल चालावी. अष्टमीला त्याच वेळी भरती. भरती भांगाची, म्हणजे कमी चढणारी, असली तरी ओला पट्टा पाण्याखाली जातो आणि धावायला उरते ती सुरूच्या झाडांखालची कोरडी पुळण, घोट्यापर्यंत रुतणारी. मला तीच हवी होती. त्यामुळे आमच्या कालनिर्णयावर अष्टमी-नवमीला लाल गोल असायचे आणि येणारे-जाणारे विचारायचे, कसलं व्रत धरलंय?

वाळू ती वाळू, हा माझा समज तिकडच्या पहिल्याच टेकाडावर उतरला. थरची वाळू पिठासारखी बारीक, बुटावर कापडी गेटर चढवलेले असूनही आत शिरते. आणि टेकाडाला दोन बाजू असतात. वाऱ्याकडची बाजू मंद उताराची आणि दाबून बसलेली, तिच्यावर पाय टिकतो. आडोशाची बाजू उभी, तीसेक अंशांच्या वर, तिथे एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली. वाट ठरवून दिलेली होती, पण दोन हात इकडे की तिकडे हे आपल्या हातात असतं. हे कळेपर्यंत माझे सहा किलोमीटर गेले.

दुसरा फरक घामाचा. इथे दमट हवेत घाम वाळतच नाही, वीस मिनिटांत पदर पिळून घ्यावा. तिथे अंगावर थेंब दिसत नाही. मला वाटलं, वा, घामच येत नाही! मग गालावर हात फिरवला तर मिठाची खर. घाम येतच होता, नुसता येता येता उडून जात होता. असं झालं की माणूस एकतर पाणी कमी पितो, नाहीतर घाबरून घटाघटा पितो आणि रक्तातलं मीठ पातळ करून घेतो. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं. त्यातल्या १३ टक्क्यांचं सोडियम उतरलेलं निघालं, आणि धावताना वजन वाढेल इतकं पाणी प्यायलेल्यांना तो धोका जास्त होता. मी हे घरी वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मग आगळ घेऊ." कोकमाचं खारं आगळ, दोन बाटल्या, चिपळूण स्टेशनपासून मांडीवर. बाकीचे स्पर्धक चकचकीत पाकिटं फाडत होते आणि मी विसाव्या किलोमीटरला स्टीलच्या पेल्यातून आगळ-पाणी पीत होते. आमच्या जीपच्या ड्रायव्हरनेही एक घोट घेतला. त्याचं तोंड अजून डोळ्यांपुढे आहे.

आता ओरडण्याबद्दल. भाऊजींनी ढोल आणला होता. रेल्वेत तो कुठे ठेवला ते विचारू नका. बाराव्या किलोमीटरला एका वस्तीजवळ त्यांनी तो असा काही घुमवला की शिमग्यात पालखी नाचवणाऱ्याच्या पायात जे शिरतं ते माझ्या पायात शिरलं. किलोमीटरला आठ मिनिटं असं ठरलेलं, मी साडेसहात दोन किलोमीटर मारले. फार छान वाटलं. सत्ताविसाव्याला दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले तेव्हा भाऊजींना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते लिहीत नाही.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर पस्तिसाव्या किलोमीटरला आहे. आपल्याकडे प्रत्येक रस्त्याला वळण. माणूस आधी ऐकू येतो, मग दिसतो, आणि दिसतो तेव्हा दहा पावलांवर असतो. तिथे उलटं. सपाट माळ, आणि दीड किलोमीटर आधीच मला अण्णांची काळी छत्री दिसली. तीच, लाकडी मुठीची, पावसाळ्यातली. तिच्याभोवती ठिपके. हात हलतायत, कुणीतरी उड्या मारतंय, ढोलही वाजत असणार; पण वारा माझ्या पाठीकडून त्यांच्याकडे वाहत होता, त्यामुळे आवाज शून्य. मूकपटच. आणि छत्री काही केल्या जवळ येईना.

मी तोवर अर्धं धावत, अर्धं चालत होते. आता चालायची सोय उरली नाही. अण्णा बघतायत. रोज पहाटे पुळणीवर काठी टेकत उभे राहून ज्यांनी माझ्या फेऱ्या मोजल्या, त्यांच्यासमोर चालू कशी? तो दीड किलोमीटर मी न थांबता धावले. वेग विचाराल तर शेजारून एक गृहस्थ झपझप चालत पुढे गेले. पण धावले.

साडेसहा तासांनी संपलं एकदाचं. सावलीत पाय पसरून बसले, बुटातून वाटीभर वाळू निघाली, नणंद पाठीवरून हात फिरवत होती. मी अण्णांना म्हटलं, तुमची छत्री दिसली म्हणून चालले नाही हो.

त्यांना मोतीबिंदू होता हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही. पण पस्तिसाव्या किलोमीटरला असं काही आठवत नाही.

"अगो, मला कुठलं दिसतंय एवढ्या लांबचं?" अण्णा म्हणाले. "तिकडे पाठ करून बसलो होतो मी. मागे उंट होते."