सॅक्रामेंटो : पाण्याच्या तोंडी वसवलेले शहर

सोन्याच्या लोंढ्यात उभ्या राहिलेल्या शहरांच्या इतिहासात खाणी आणि जुगाराचे अड्डे यांचेच वर्णन फार असते. कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटोच्या बाबतीत मला अधिक कुतूहल वाटते ते त्याच्या जागेचे, कारण तिथे पूर येतो हे ठाऊक असूनही शहर तिथेच आखले गेले.

जॉन सटर हा स्विस वसाहतकार १८३९ मध्ये या भागात आला आणि सॅक्रामेंटो नदीपासून सुमारे दोन मैल आत, थोड्या उंचवट्यावर त्याने आपला कोट बांधला. त्याच्या शेतावर आणि कारखान्यांत राबत होते ते मुख्यतः तिथले मूळ रहिवासी, निसेनान आणि मिवोक, आणि तेही पुष्कळदा सक्तीने. २४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा येथे, सटरसाठी बांधल्या जाणाऱ्या लाकूड कापण्याच्या गिरणीच्या पाटात जेम्स मार्शलला सोने सापडले आणि सटरचे दिवस फिरले. मजूर सोन्यामागे निघून गेले आणि सावकारांचा तगादा वाढला. जप्ती टळावी म्हणून त्याने आपली मालमत्ता नुकत्याच युरोपातून आलेल्या थोरल्या मुलाच्या नावे केली.

पुढचा निर्णय या विशीतल्या मुलाने घेतला. कोटाजवळ दुकान चालवणाऱ्या सॅम ब्रॅननसारख्या व्यापाऱ्यांना शहर हवे होते ते थेट नदीकाठी, जिथे सॅन फ्रान्सिस्कोहून आलेली जहाजे माल उतरवत. डिसेंबर १८४८ मध्ये कॅप्टन वॉर्नरने तिथे सरळ रेषेतले रस्ते आखले, एका दिशेच्या रस्त्यांना अक्षरे आणि दुसऱ्या दिशेच्या रस्त्यांना आकडे दिले, आणि भूखंडांच्या विक्रीतून बापाचे कर्ज फिटू लागले. बापाने मात्र दक्षिणेला, उंच जमिनीवर सटरव्हिल वसवायचे ठरवले होते. त्याला मुलाचा हा उद्योग मुळीच रुचला नाही. माझ्या मते म्हाताऱ्याला जमीन कळत होती आणि ब्रॅननला बाजार, आणि सोन्याच्या दिवसांत बाजाराचेच चालले.

जानेवारी १८५० मध्ये शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. बांध घालण्याचा आग्रह धरणारा हार्डिन बिगेलो पहिला महापौर झाला, पण ऑगस्टमध्ये जमिनीच्या मालकीवरून उसळलेल्या दंगलीत तो गोळ्या लागून जखमी झाला आणि वर्ष संपण्यापूर्वीच पटकीने गेला. १८५२ च्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला, तरी १८५४ मध्ये राज्याची राजधानी इथेच आली.

खरी परीक्षा १८६१–६२ च्या महापुराची. नवे गव्हर्नर लेलँड स्टॅनफर्ड शपथविधीला नावेतून गेले आणि विधिमंडळाला काही काळ सॅन फ्रान्सिस्कोला हलावे लागले. त्यानंतर शहराने जागा बदलली नाही, उंची बदलली. रस्त्यांच्या दोन्ही कडांना विटांच्या भिंती बांधून मध्ये भराव टाकला गेला आणि काही रस्ते सुमारे दहा फूट वर आले. इमारतींचे काय करायचे ते ज्याचे त्याने पाहायचे होते : कोणी स्क्रू-जॅक लावून अख्खी इमारत उचलली, तर कोणी तळमजल्याचे तळघर करून वरच्या मजल्याला नवे दार काढले. हे काम वर्षानुवर्षे चालल्यामुळे पादचाऱ्यांना एकाच फुटपाथवर पायऱ्या चढाव्या आणि उतराव्या लागत. शहरालगत सॅक्रामेंटो नदीला मिळणाऱ्या ‘अमेरिकन’ नावाच्या नदीचे मुखही याच काळात वळवण्यात आले. जुन्या भागातील फुटपाथांखाली ते गाडले गेलेले तळमजले आजही आहेत आणि त्यांतले काही पाहता येतात.